अनध्याय

आमच्या पाठशाळेत अष्टमी आली की पोथ्या बांधून ठेवीत. चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा या तिथींनाही पाठ बंद. अवेळी मेघ गरजला किंवा धुळीचे वादळ उठले की गुरुजी म्हणत, "अनध्याय!" आणि आम्ही पोरे नदीकडे पळत सुटत असू. पुढे याज्ञवल्क्यस्मृती वाचली तेव्हा कळले की, शिष्ट मनुष्य घरी आला तरी अनध्याय सांगितला आहे. आधी पाहुण्याला पाणी, मग वेद. ज्या परंपरेत एक स्वर चुकला तर तो पाठ पुन्हा म्हणावा लागे, तिनेच थांबण्याच्या वेळाही इतक्या बारकाईने मोजून ठेवल्या आहेत, याचे आम्हाला त्या वयात फक्त सुख वाटे. त्याचा विचार मात्र अलीकडे करावा लागला.

गेल्या वैशाखात सूर्यमाळच्या बाजूला कीर्तनाला जाणे झाले. मोखाडा तालुक्यातला हा उंच मुलूख. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन उतार चढणाऱ्या बायका. इकडची माळकरी मंडळी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातात; त्यांतलीच एक बाई कीर्तन संपल्यावर थांबली. आश्रमशाळेत शिकलेली. आजीच्या तोंडच्या जुन्या गोष्टी आणि ओव्या रोज एक पान लिहायच्या, असा तिने देवापुढे नेम केला होता. दोन महिने चालला. मग सासरा आजारी पडला. मग भाताची आवणी, मग नाचणी-वरईची कापणी. दिवाळीनंतर पोटासाठी भिवंडीकडे वीटभट्टीवर. वही गाठोड्यात तशीच. आम्हाला म्हणाली, "महाराज, वही उघडाया लाज वाटते. देवाला शब्द दिला नि मोडला."

वाचकहो, असे म्हणणारी ती एकटी नाही. आपल्यातही निरूपणाची वही, घराण्याच्या वारीची हकीकत, वडिलांच्या आठवणी लिहायला घेऊन मध्येच राहिलेले पुष्कळ आहेत. राहिले त्याचे दुःख थोडे असते, त्यावरून स्वतःला दिलेल्या शिव्या फार.

कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद शास्त्राने केले आहेत. नित्य चुकले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष. सासऱ्याचे आजारपण हे नैमित्तिक; निमित्त उभे राहिले की ते करावेच लागते. आणि आपण हौसेने, प्रेमाने आरंभिलेले लेखन फार तर काम्य. आता कोणी अभ्यासू म्हणेल, आरंभिलेले काम्यही तडीस न्यावे असा मीमांसेचा कटाक्ष आहे. आहेच, आणि तो आम्हाला मान्य आहे. पण तडीस नेणे वेगळे आणि एकही दिवस न थांबणे वेगळे. आम्ही त्या बाईला विचारले, "माउली, भट्टीवर नाम सुटले होते काय?" ती हसली. म्हणाली, "नाव कसं सुटंल? ते तर तोंडातच होतं." मग नित्य होते ते चाललेच होते की! नामाला अनध्याय नाही. वहीला आहे. आपण मात्र वहीला नित्य ठरवतो आणि आपल्याच गळ्यात दोषाचा धोंडा बांधून घेतो.

येथे शंका निघेल की, अशाने आळसाला शास्त्राचा आधार मिळेल. शंका रास्त आहे. परंतु अष्टमीनंतर नवमी येते आणि पोथी सुटते. आळसाला तिथी नसते. दर श्रावणात उपाकर्म करून अध्ययनाचा आरंभ नव्याने करण्याची रीत आहे, ती तरी कशासाठी? पुन्हा आरंभ करणे यात कमीपणा असता तर त्याचा विधीच झाला नसता. राहिलेली सारी पाने एका रात्रीत भरून काढण्याचा हट्टही आम्हाला पसंत नाही. वारीत मागे पडलेल्या म्हाताऱ्याला कोणी "धाव" म्हणत नाही. त्याची पडशी दुसरा घेतो, आणि तो आपल्या पायाने मुक्कामाला पोचतो.

आपण भूतदया भूतदया म्हणतो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. भूतांची मोजदाद करताना आपला जीव तेवढा वगळायचा, असे कोणत्या संताने सांगितले? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी देह कष्टवणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हटले आहे, आणि असे करणारा आत वसणाऱ्या मलाच कष्ट देतो, असे बजावले आहे. मनाला घातलेले चाबकाचे फटके निराळे कसे मानावेत?

जनाबाईचे दळण-कांडण तर आपल्या सर्वांच्या जिभेवर आहे. देवाने तिचे जाते ओढले आणि तिचे अभंगही लिहून घेतले, अशी परंपरा आहे. आधी दळण संपव, मग अभंग म्हण, असे काही तो म्हणाला नाही!

आणि आमचे नाथबाबा. पैठणात घर भरलेले, दारी अन्नार्थी, रोजचे कीर्तन. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पाच अध्याय झाली, तोच काशीकडून जाब विचारला गेला, असे चरित्रकार सांगतात. पैठणचे लिखाण पैठणात थांबले; ग्रंथ पुरा झाला तो वाराणसीत, १५७३ मध्ये. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, म्हणजे स्वतःचे बाजूला ठेवून दुसऱ्याच्या ओव्या निवडीत बसले. उतारवयात भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झाला आणि १५९९ च्या फाल्गुनात, वद्य षष्ठीस, नाथांनी देह ठेवला.

रावण अजून मारायचा होता. एवढा मोठा ग्रंथ असा अर्धा राहिला म्हणून नाथांनी हळहळ केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. त्यांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा असे. पुरणपोळीच्या लोभाने राहिला, अशी त्याची ख्याती. पंडितांनी त्याला वेडगळांत काढला होता. नाथ म्हणाले, रामायण हा पुरे करील. मंडळी हसली असतील. गावबाने पुढचे अध्याय लिहिले.