साक्षी आणि साक्षीदार

‘साक्षी’ हा शब्द आपल्या भाषेत दोन निरनिराळ्या घरांत नांदतो. वेदान्ताच्या घरी साक्षी म्हणजे जो केवळ पाहतो. कर्म, फल, सुख, दुःख ह्यांपैकी कशाचाही ज्याला लेप लागत नाही तो. न्यायमंदिरात मात्र साक्षी म्हणजे ज्याने पाहिले, आणि पाहिले म्हणूनच ज्याला बोलणे भाग आहे असा मनुष्य. पहिल्याचे मोठेपण अलिप्ततेत आहे. दुसरा अलिप्त राहू लागला तर तो दोषी ठरतो. एरवी ह्या दोन घरांचे एकमेकांकडे फारसे जाणे-येणे नसते. परंतु गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मनुष्याने आकाशात जो डोळा बसविला आहे, त्याने हे दोन्ही अर्थ एकाच उंबऱ्यावर आणून उभे केले आहेत.

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने ‘टायरॉस-१’ हा हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह सोडला. आज आपल्या ‘इन्सॅट’ मालिकेतील उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्याच गतीने फिरत असतात, आणि त्यामुळे आपल्या डोक्यावर एका जागी खिळल्यासारखे राहतात. रात्रीच्या काळोखातही ते ढगांच्या माथ्याची उष्णता मोजतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, एवढ्या साध्या हिशेबावरून समुद्रावर वादळ कोठे घडू लागले आहे ते कळते. ‘सगळे पाहणारा वर बसला आहे’ असे आपले वाडवडील म्हणत आले. त्या ‘वर’ आता आपणच एक पाहणारा नेऊन ठेवला आहे. आणि तो देव नव्हे, हे विसरून चालावयाचे नाही.

कारण नुसत्या पाहण्याने कोणी तरत नाही. १९७० च्या नोव्हेंबरात तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आले. उपग्रहांनी ते आधीच टिपले होते. परंतु बेटांवरच्या गरीब लोकांपर्यंत त्या दर्शनाचा अर्थ धडपणे पोचला नाही, आणि किमान ३ लाख माणसे प्राणास मुकली. ओडिशातील १९९९ च्या महावादळाने सुमारे १० हजार बळी घेतले. त्याच ओडिशाकडे २०१३ साली ‘फायलिन’ येऊ लागले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविण्यात आले, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. डोळा तिन्ही वेळी होता. शेवटच्या वेळी त्याची साक्ष कोणी तरी ऐकली, आणि ऐकून पाय उचलला.

तथापि वादळाचे उदाहरण त्यातल्या त्यात सोपे होय. तेथे संकट परवावर आलेले असते आणि ते आपल्याच जिवावरचे असते. धर्मसंकट उभे राहते ते जे हळूहळू घडते त्याच्या दर्शनाने. २००२ च्या मार्चमध्ये ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची एक जोडी सोडण्यात आली. शास्त्रज्ञांनी लाडाने त्यांना टॉम आणि जेरी म्हटले, कारण एकापाठोपाठ एक, सुमारे २२० किलोमीटरांचे अंतर राखून ते धावत. ह्या जोडीचे पाहणे विलक्षण होते. जमिनीत जेथे वस्तुमान अधिक तेथे ओढ अधिक. त्या ओढीने पुढचा उपग्रह किंचित पुढे खेचला जाई, दोघांमधील अंतर केसाच्या जाडीहूनही कमी अशा मापाने बदले, आणि त्या बदलावरून खालच्या भूमीचे वजन घटले की वाढले हे ताडता येई. ज्या पाण्याला सूर्याचाही किरण लागत नाही, ते भूगर्भातले पाणी अशा रीतीने आकाशातून तोलले गेले. २००९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : पंजाब, हरियाणा व राजस्थान ह्या प्रदेशांतून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ ह्या काळात १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले. आपले कोयना धरण काठोकाठ पस्तीसहून अधिक वेळा भरावे, एवढे हे पाणी. पाऊस त्या वर्षांत बहुतांशी नेहमीसारखाच होता. म्हणजे दोष दैवाचा नव्हता. उपसा मनुष्याचा होता.

येथे कोणी म्हणेल, आम्ही केवळ पाहणारे, उपसणारे दुसरे. मुंडकोपनिषदात एका वृक्षावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. ही प्रतिमा आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की, पाहणाऱ्याची जागा आपली असे आपण सहज धरून चालतो. पण त्या पाण्यावर पिकलेला गहू आणि तांदूळ सरकारी कोठारांतून देशभरच्या रास्त भावाच्या दुकानांत जातो. आकडे वाचणारा जो, तोच फळ खाणारा. दुसरा पक्षी म्हणवून घेण्याचा अधिकार ज्याची चोच कोरडी त्यालाच. आपली तशी नाही. त्यातही, ज्या शेतकऱ्याला सरकार वीज फुकट देते आणि भाताला हमीभाव देते, त्याच्यावर सगळा दोष ढकलणे मला अन्यायाचे वाटते. त्याने आलेख पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला, त्यांचे उत्तरदायित्व त्याच्याहून अधिक.

बरे, साक्ष ऐकून कृती केली तर सारे निर्दोष होते काय? पंजाबने २००९ साली कायदा करून भाताची लावणी जूनपर्यंत पुढे ढकलली. हेतू चांगला होता. उन्हाळ्याच्या कडाक्यात पाणी वाया जाऊ नये. परंतु कापणीही लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वीचे दिवस कमी उरले, आणि शेतातील खुंट जाळून टाकण्याची घाई वाढली, असे अनेक अभ्यासक सांगतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात दोषाने वेढलेल्या कर्माला धुराने वेढलेल्या अग्नीची उपमा आहे. येथे ती उपमा उरलेली नाही. दर कार्तिकात तो धूर खरोखरच दिल्लीपर्यंत जातो. आणि तरीही गीता त्या ठिकाणी कर्म सोडा असे सांगत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

त्या आगीही उपग्रह मोजतात. मात्र ज्यांच्यावरून ही मोजदाद होते, ते उपग्रह खिळलेले नसून फिरते आहेत; एका शेतावरून ते दिवसा ठरावीक वेळी, दुपारी दीडच्या सुमारास जातात. २०२४ साली नासा संस्थेतील एका शास्त्रज्ञाने कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे तपासून एक गोष्ट निदर्शनास आणली : तो डोळा पुढे सरकून गेल्यावर, दुपार कलल्यानंतर, अनेक शेतांत आग लावली जाते. महाभारतातली शकुंतला दुष्यंताला भर सभेत जे साक्षी मोजून दाखविते, त्यांत सूर्य, चंद्र, वायू, अग्नी आहेत, दिवस आहे, रात्र आहे, दोन्ही संध्या आहेत, आणि मनुष्याचे स्वतःचे हृदयही आहे. ह्यांपैकी एकाचीही येण्याजाण्याची वेळ पाहून कोणाला काडी ओढता आली नसती.