गांडीव का गळालं?



आजचा पाठ: गीता, पहिला अध्याय, श्लोक २८ ते ३०. जोडीला सहाव्यातला १७ वा.

अर्जुनाने अजून एकही बाण सोडलेला नाही. तरी तो सांगतो की गात्रं गळतायत, तोंडाला कोरड पडलीय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही. आणि मन गरगरतंय. शरीराला काडीचे श्रम नाहीत, तरी आधी बसलं ते शरीरच.

त्याच्या दुःखाची आपल्या मीटिंगांशी बरोबरी नको करायला. पण रविवारी सकाळी पारसिक हिलचा चढ सहज चढणारा माणूस बुधवारी संध्याकाळी, दिवसभर खुर्चीत बसून आल्यावर, अर्ध्यातच थांबतो. हे आपण पाहतोच.

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं, २००९ साली निष्कर्ष आले. १६ जणांना एका दिवशी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद, डोकं शिणल्यावर ६४०. गंमत म्हणजे हृदयात किंवा स्नायूंत कारण सापडलं नाही. तेवढाच जोर जास्त अवघड वाटत होता, म्हणून लवकर सोडलं.

आता कृष्णाकडे बघा. दुसऱ्या अध्यायात तिसऱ्या श्लोकात तो म्हणतो, हा दुबळेपणा हृदयाचा आहे. दंडाचं नावही नाही. निदान अचूक! पण त्याच दमात तो 'ऊठ' म्हणतो, आणि अर्जुन काही उठत नाही. नवव्या श्लोकात 'लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. साक्षात भगवंताची दटावणी लागू पडली नाही, तिथे रात्री नऊला जिममध्ये स्वतःला आळशी म्हणून काय होणार? (ते मोटिव्हेशनल व्हिडिओही त्याच जातीचे.) दहाव्या श्लोकात भगवंत जरासा हसतो आणि समजावायला लागतो.

मग सहाव्यात मापाची गोष्ट येते. आहार, विहार, कामातली चेष्टा, झोप, जागणं, सगळं बेताचं असावं. या 'चेष्टे'त मला डोक्याचं कामही दिसतं. आपण पावलं मोजतो, कॅलरी मोजतो, डोक्याचे तास मात्र कुणी मोजत नाही.

जमेल त्याने चढ सकाळी चढावा. ज्याला संध्याकाळच मिळते त्याने मोबाईल बाजूला ठेवून आधी थोडं नामस्मरण करावं, मग निघावं. आणि त्या दिवशी घड्याळात टायमिंग बघू नये.

उद्या: सहावा अध्याय, श्लोक १८.