किंमत सांगणारा कोण?

नवऱ्याच्या पश्चात बाईच्या हाती ज्या वस्तू येतात, त्यांत सोन्याचा हिशेब सगळ्यात सोपा. भाव रोज पेपरात छापून येतो, वजन काट्यावर दिसतं आणि सोनारानं घट जास्त धरली तर ती तिथल्या तिथे हटकू शकते. जमिनीलाही शेजारच्या व्यवहाराचा दाखला असतो. पण कपाटात कुलपाआड ठेवलेलं सासऱ्याच्या वेळचं रिव्हॉल्व्हर निघालं, तर त्याची किंमत तिला कोण सांगणार? बहुधा दीर किंवा पुतण्या. आणि पुष्कळदा ते घ्यायचंही त्यालाच असतं. पेच नेमका इथे आहे.

दापोलीकडे हा पेच अगदीच परका नाही. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. जुनी माणसं अजून ‘काँप दापोली’ म्हणतात. फौज गेली तरी पेन्शनरांचं गाव ही ओळख पुढे बराच काळ राहिली. रानडुकरं आणि वानरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक ठेवणारी घरं तर कोकणात गावोगाव आहेत, आणि निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करायची, हेही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. खोतांच्या, अधिकाऱ्यांच्या, शिकारीचा शौक असलेल्यांच्या घरी एखादं विलायती हत्यारही असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार जवळजवळ बंद केली. शौक संपला, हत्यार कपाटात राहिलं.

परवानाधारक वारला की ते हत्यार घरात तसंच ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, नाहीतर परवाना असलेल्या माणसाला ते विकता येतं. मुदतीत यातलं काहीच झालं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवण्याची मर्यादा घातली, आणि वारशानं आलेलं हत्यारही त्यातच मोजलं जातं. म्हणजे गिऱ्हाईक मोजकं आणि विकणारीच्या मागे मुदतीचा तगादा. अशा वेळी कोणी “एवढेच मिळतील, वहिनी” म्हणाला, तर तो खोटंच बोलतो असं नाही. पण तो सांगतो ती तिच्या अडचणीची किंमत. वस्तूची किंमत वेगळी.

वस्तूची किंमत काढणं खरोखरच किचकट आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची दोन रिव्हॉल्व्हरं शेजारी ठेवा. एक .४५५ बोअरचं, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं तसलं. दुसरं .३२ बोअरचं, लहानखुरं. इतिहासाच्या दृष्टीनं पहिलं मोलाचं; पण आपल्याकडे ते निषिद्ध बोअरमध्ये येतं, सर्वसाधारण परवान्यावर घेता येत नाही. दुसरं घेता येतं, आणि परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंद असल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या नगाला मागणी आहे. याच वेब्लीच्या नावाचं नवं .३२ आता उत्तर प्रदेशात संडिला इथे बनतं, म्हणजे नुसत्या नावावरही भाव ठरत नाही. परदेशातल्या लिलावाचा आकडा मोबाइलवर पाहून “लाखो रुपये येतील” म्हणणारा नातेवाईक आणि “भंगार आहे” म्हणणारा नातेवाईक, दोघेही तिची सारखीच दिशाभूल करतात.

मग स्थितीचा प्रश्न. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवलं, तर चामडं ओल धरतं आणि लोखंडावर बारीक खड्डे पडतात. सिलिंडर फिरतं का, घोडा नीट बसतो का, फ्रेमवरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळतो का, नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीचे छाप शाबूत आहेत का, हे जाणकार आधी बघतो. आपल्याकडे मात्र विकायच्या आधी वस्तू लख्ख करायची सवय. कोणीतरी हौसेनं पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि कारखान्यातली मूळ निळसर झिलई तांबेऱ्याबरोबर निघून जाते. त्या झिलईबरोबर मोलही जातं.

कहाणीलाही किंमत असते, फक्त तिला कागद लागतो. ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरनं अमेरिकन शेरीफ पॅट गॅरेटनं कुख्यात गुन्हेगार बिली द किडला मारलं, ते २०२१मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरांवर गेलं. हत्यार होतं कोल्टच्या नेहमीच्या बनावटीचं. पैसे मिळाले ते निर्विवाद इतिहासाला. रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना सोडवून आणली, तीही त्यांचं नाव तिच्यावर कोरलेलं होतं म्हणून. “साहेबानं आजोबांना खूश होऊन दिलं” एवढ्यावर बाजार एक पैसा जास्त देत नाही. म्हणून जुनं परवाना-पुस्तक, त्यातले नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती, एखादं पत्र, हे रद्दीत जाता कामा नये. आणि हे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत, हे घरात बहुतेक वेळा तिलाच ठाऊक असतं.

तरीही तिला कमी पैसे मिळतात, त्याचं मुख्य कारण बाजार नव्हे, घरातली भाषा. तेरावं उरकतं आणि कोणीतरी म्हणतो, “बाईमाणसाला काय करायचंय त्याचं? घरातलीच वस्तू, घरातच राहू दे.” यात प्रेम असतं, घराण्याचा अभिमानही असतो. पण घरात राहावी म्हणून जी सूट द्यायची, ती द्यायची कोणी? घराण्याचा अभिमान सगळ्यांचा आणि तोटा एकट्या विधवेचा, हा कुठला न्याय? अभिमान ज्याला आहे, त्यानं बाहेरच्यापेक्षा चार पैसे जास्तच मोजायला हवेत.

दुसरा घोटाळा ‘ना हरकत’चा. परवाना एका वारसाच्या नावावर व्हायचा तर बाकीच्यांची संमती लागते. मुंबईला दिलेली मुलगी विश्वासानं सही करते आणि त्या सहीचा अर्थ पुढे ‘हिस्सा सोडला’ असा लावला जातो. तसा तो नाही. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना समान वाटा दिला आहे. हत्यार एकाच्या ताब्यात जावं ही कायद्याची सोय झाली. त्याच्या पैशावरचा इतरांचा हक्क शिल्लक राहतोच. परवाना स्वतः विधवेलाही मागता येतो, बाई म्हणून तिला मज्जाव नाही.

कायद्याला माणसाचा स्वभाव फार पूर्वीच कळला होता. १८८२च्या भारतीय न्यास कायद्यात स्पष्ट तरतूद आहे: विश्वस्तावर जी मालमत्ता विकण्याची जबाबदारी आहे, ती त्यानं स्वतः विकत घ्यायची नाही, आडमार्गानंही नाही. इथे विश्वस्त लबाडच असतो असं गृहीत धरलेलं नाही. एका डोक्यात दोन हिशेब सुरू झाले की प्रामाणिक माणसाचंही पारडं नकळत झुकतं, एवढंच मान्य केलं आहे. दीर-पुतण्याला हा कायदा लागू नसेल, पण ज्याच्यावर विश्वास टाकून बाई निर्धास्त झाली, त्याला त्यातलं शहाणपण लागू आहेच.

म्हणून आपल्या काकूंवर, वहिनीवर अशी वेळ आली, तर आधी हत्यार कायदेशीरपणे जमा करा, पावती त्यांच्या हाती द्या आणि मुदत नीट समजावून सांगा. दोन वेगवेगळ्या परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी किंमत मागवा. ‘आज लगेच’ किती आणि ‘गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबल्यास’ किती, असे दोन्ही आकडे घ्या. ते सगळ्या वारसांना एकाच वेळी कळवा. तुम्हाला स्वतःला ते रिव्हॉल्व्हर हवं असेल, तर पहिल्याच दिवशी तसं सांगा आणि सल्लागाराच्या खुर्चीवरून उठा. किंमत सांगायची असेल तर घेऊ नका, आणि घ्यायचं असेल तर किंमत दुसऱ्याला सांगू द्या.