ओझं कुठं पडलं?

"तू उतरतोस का?"

हा सवाल मला आमच्या बिल्डिंगच्या मागं, सेप्टिक टाकीच्या उघड्या झाकणापाशी, भर दुपारी वीसपंचवीस माणसांदेखत विचारला गेला. विचारणारा कुणी मनूचा वारस नव्हता. आपलाच माणूस. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, चौदा एप्रिलच्या वर्गणीच्या पावत्या तोच फाडतो. मी तेव्हा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा हिशेब आज मांडतोय. दोस्तहो, हा हिशेब माझ्या एकट्याचा असता तर मी तो घरातच मांडला असता.

आधी बिल्डिंगचं सांगतो. झोपडपट्टी पुनर्वसनातली सात मजली पेटी आहे ती. १९९५ साली ही योजना आली. झोपड्यांच्या जागी बिल्डरनं फुकट घरं बांधून द्यायची आणि उरलेल्या जागेवर टॉवर उभा करून विकायचा. घराचं माप आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. टॉवर आणि आमच्यामध्ये भिंत आहे. टॉवरचं गेट मोठ्या रस्त्यावर उघडतं, आमचं नाल्याकडं. कागदावर इथले मालक जुने झोपडीवाले. त्यातले बरेच खोली भाड्यानं देऊन लांब निघून गेले. मी असाच एका खोलीतला भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार. बाराव्या महिन्यात मी माणूस की सामान, ते मालक ठरवणार.

लिफ्ट दीड वर्ष बंद. सहाव्या मजल्यावरच्या लकव्याच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर चार पोरं खुर्ची उचलून जिना उतरतात. जिन्यात दिवे नाहीत. पाणी सकाळी अर्धा तास, तेही पंप चालला तर. डक्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत कचऱ्याचा थर. कमिटीकडं हिशेब मागायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाला, "तू भाडेकरू. तुझा काय संबंध?" भाडं भरायला माझा संबंध, मेंटेनन्स भरायला माझा संबंध, तोंड उघडायला मात्र नाही.

भरलेलं भाडं आपल्याला माणूस करत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या सराईत राहिले. रोजचा दीड रुपया देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. दीड रुपया खरा होता, पण समोरच्यांना तो दिसला नाही, त्यांना जात दिसली.

कमिटी चोर आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हिशेब लपवणाऱ्यावर संशय घ्यायचाच. पण गोष्ट तिथंच संपत नाही. देखभालीसाठी बिल्डरनं घरामागं २०,००० रुपये एकदाच जमा करायचे, असा सुरुवातीच्या काळातला नियम. त्याच्या व्याजावर लिफ्ट, पंप, टाकी, दिवे सगळं चालायचं. धुणीभांडी आणि बिगारी करणाऱ्या माणसाला सात मजले चढवले, पण ते मजले चालवायचा खर्च कोण देणार, हे कुणी धड ठरवलंच नाही. व्यवस्थेनं आम्हाला घर दिलं आणि त्याच्याबरोबर रोजचं भांडणही दिलं. तेही आपसातलं.

मग आम्ही पोरांनी ठरवलं, मेंटेनन्स बंद. पत्रक मीच लिहिलं. 'हिशेब नाही तर पैसा नाही.' घरोघर वाटलं. लोकांनी मनापासून साथ दिली. पैसे न भरण्याच्या लढ्याला साथ लवकर मिळते, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या महिन्यात झाडूवाली मावशी माझ्या दारात आली. म्हणाली, "दादा, तुमचा पगार थांबला का रं?"

मी म्हटलं, नाही.

"सेक्रेटरीचा?"

नाही.

"मंग माझाच कसा थांबला?"

माझ्या पत्रकात या सवालाचं उत्तर नव्हतं. आमचा बहिष्कार कमिटीवर होता. कमिटीच्या चहात साखर कमी पडली नाही, उपास मावशीला घडला. आम्ही बाण वर सोडला आणि तो खाली येऊन लागला, तो सगळ्यात खाली उभ्या असलेल्या बाईला.

त्याच महिन्यात टाकी तुंबली. ती दर दोनतीन वर्षांनी गाडी बोलावून उपसायची असते. कमिटीनं पैसा वाचवत कितीतरी वर्षं उपसली नव्हती. मैलापाणी तळमजल्याच्या मोऱ्यांतून वर यायला लागलं. सेक्रेटरीनं नाक्यावरून दोन पोरं आणली. एक बादली, एक दोर, एक क्वार्टर. एकजण कपडे काढून टाकीत पाय सोडायला लागला. मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. म्हणालो, "थांबा. हे बेकायदा आहे. मरेल तो." तेव्हा तो सवाल आला.

"मग कोण उतरणार? तू उतरतोस का?"

पोरं हसली. तळमजल्यावरची बाई म्हणाली, "तुझं बरंय, तू वरच्या मजल्याला राहतोस." मी गप्प बसलो आणि तो उतरला. मैला त्याच्या छातीपर्यंत होता. अर्ध्या तासानं जिवंत वर आला, हे त्याचं नशीब. आमचं त्यात काही कर्तृत्व नाही. अंग धुवायला तो खालच्या नळाकडं निघाला तर कुणीतरी ओरडलं, "नळाला हात लावू नको!" एका बाईनं तांब्यानं वरून पाणी ओतलं. शिवाशीव होऊ नये अशा उंचीवरून.

२० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्यावर गेलो होतो. आणि इथं वरून पाणी ओतणारा हात आपला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'तू उतरतोस का' याची दोन उत्तरं समोर येत होती. दोन्ही खोटी.

पहिलं उत्तर, हो, मी उतरतो. हे शूर वाटतं. पण मैला उपसणं हे पुण्याचं काम आहे, सेवा आहे, असं सांगणारं एक मोठं तत्त्वज्ञान या देशात झालं. गांधीजींच्या त्या गौरवावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. घाणीचा मोठेपणा गायचा, म्हणजे घाणीतल्या माणसाला बाहेर यायचं कारण उरत नाही. मी उतरलो असतो तर फार तर माझं मन धुऊन निघालं असतं. पुढच्या वेळी टाकी पुन्हा एक माणूस मागणार.

दुसरं उत्तर, मी नाही, ते त्याचं काम आहे. हे उत्तर आपण तोंडानं देत नाही, पण जगतो. गावात आपण मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. तो विद्रोह होता, त्यानंच आपली मान वर झाली. आपण असं म्हटलं नाही की ढोर ओढणं थोर आहे. आपण म्हटलं, ओढणार नाही. त्याचा मला अभिमान आहे. पण दोस्तहो, नकार दिल्यावर एक गोष्ट बघायची राहून जाते. आपण खांद्यावरचं ओझं टाकलं ते जमिनीवर पडलं, की आपल्या शेजारी उभ्या असलेल्याच्या खांद्यावर?

जात म्हणजे नुसती वरची आणि खालची अशी दोन माणसं नाहीत. ती पायऱ्यापायऱ्यांची विषमता आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचा तरी पाय आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणाचं तरी डोकं. म्हणून प्रत्येकाची तक्रार खरी, आणि म्हणूनच सगळ्यांची मिळून एक तक्रार होत नाही. आमची बिल्डिंग ही त्याच जिन्याची झेरॉक्स आहे. टॉवरवाला आम्हाला झोपडीवाले म्हणतो. मालक भाडेकरूला उपरा म्हणतो. भाडेकरू मावशीवर खेकसतो. आणि सगळे मिळून टाकीतल्या पोराला तांब्यानं पाणी ओततात.

कायदा आहे. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा लागू झाला तो दिवस होता ६ डिसेंबर. त्या दिवशी आपण सगळे चैत्यभूमीवर असतो. या कायद्यानं गटारात, सेप्टिक टाकीत माणूस धोक्यात घालून उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतच, गोवंडीला, एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या बायकांना भरपाईसाठी हायकोर्टात जावं लागलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अशा मरणाची भरपाई दहा लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मरणाची किंमत वाढते, तशी मरणं थांबत नाहीत. त्या टाकीतला वायू असा की आधी नाकाचा वासच मारतो. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. माणुसकी दाखवणारासुद्धा मरतो, अशी ती जागा आहे.

मग खरं उत्तर काय? मी उतरणार नाही आणि तोही उतरणार नाही. कुणीच उतरणार नाही. गाडी येईल, पाइप उतरेल. गाडीला पैसे लागतात, ते आपण भरू. तो सवालच चुकीचा होता. 'कोण उतरणार' असं विचारलं की कुणीतरी उतरणारच हे आधीच ठरलेलं असतं. जात अशीच टिकते. ती आपल्याकडून फक्त माणूस निवडून घेते, जागा तिनं आधीच खणून ठेवलेली असते.

दुसऱ्या आठवड्यात जिन्यात, मेणबत्तीवर, आम्ही सभा घेतली. मी आधी माझी चूक सांगितली. पत्रक बदललं. मेंटेनन्स बंद नाही, मेंटेनन्स आपल्या ताब्यात. दर घराचे पैसे एका वहीत, वही जिन्यात टांगलेली, कुणीही बघावी. वहीत पहिली ओळ मावशीचा पगार, तीन महिन्यांच्या थकबाकीसह. दुसरी ओळ टाकी उपसायची गाडी. तिसरी जिन्यातले दिवे. लिफ्ट चौथी. माझ्याच मजल्यावरचे लोक चिडले, "लिफ्ट आधी पाहिजे." मी म्हटलं, आपला क्रम खालून लागेल. सोसायटीच्या सभासदांनी कायद्यानं हिशेब मागितला. आम्ही भाडेकरूंनी त्यांच्या अर्जांची नक्कल केली, पत्ते लिहिले, रांगेत उभे राहिलो.

गाडी आली, टाकी उपसली, कुणी आत गेलं नाही. लिफ्ट अजून बंद आहे. म्हातारा अजून खुर्चीवरून जातो, आणि त्याच्या लेकाला मी रोज तोंड चुकवतो. कमिटी म्हणते, मी बाहेरचा, लोकांना भडकवतो. माझ्या मालकानं करार वाढवायचा की नाही ते अजून सांगितलेलं नाही. आणि टाकीत उतरलेला तो पोरगा मला पुन्हा नाक्यावर दिसला नाही. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. वहीत त्याची ओळ नाही, हे मला छळतं.

तुम्ही मोर्चे काढता, पत्रकं लिहिता, नकार देता. द्यायलाच पाहिजे. नकाराशिवाय आपल्याजवळ दुसरं हत्यार नाही. फक्त प्रत्येक नकारानंतर एकदा मागं वळून खाली बघा. आपण टाकलेलं ओझं कुठं पडलं? कुणाच्या अंगावर पडलं असेल, तर लढा अजून सुरूच झालेला नाही.

जय भीम.