रस्ता कोणाला विचारून?

रस्ता हवा की नको, असा प्रश्न आता खेड्यात कोणी विचारीत नाही. ज्यांनी भर पावसाळ्यात आजाऱ्याला बाजल्यावर घालून चिखलातून डांबरी सडकेपर्यंत नेले आहे, त्यांना तो विचारणे म्हणजे थट्टाच होईल. खरा प्रश्न निराळा आहे. रस्ता कोठून जावा, किती रुंद व्हावा आणि त्यासाठी कोणाचा बांध मोडावा हे ठरविताना त्या बांधाच्या धन्याला विचारणे हे नुसते सौजन्य आहे, की कर्तव्य? कर्तव्य असेल, तर ‘विचारले’ म्हणजे नेमके काय केले?

बेळगाव भागातील आमच्या वाचकांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन देण्यास शेतकऱ्यांनी कित्येक वर्षे विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण अशा प्रसंगी कायदा ‘विचारणे’ कशाला म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात 1997 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, जमीन घेण्याची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांच्या आत हितसंबंधी माणसाने आपली हरकत लेखी कळवावयाची. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत यावयाचा, व त्यांपैकी एक देशी भाषेतले असावयाचे. सीमाभागात देशी भाषा कोणती, हा आणखी एक घोळ! एकाच घरात आजोबा मराठी वाचतात, नातू कन्नड वाचतो, आणि जिने ते शेत जन्मभर खुरपले त्या आजीला दोन्ही वाचता येत नाही. शिवाय तोवर नकाशावर रेघ ओढून झालेली असते. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी व जाहीर सुनावणी आणली खरी, परंतु महामार्गाचा कायदा त्यातून वगळला गेला. 1 जानेवारी 2015 पासून नुकसानभरपाई मात्र नव्या कायद्याच्या मापाने लागू झाली. म्हणजे किंमत सुधारली. ऐकून घेणे राहून गेले.

खेड्यांच्या रस्त्यांसाठी मात्र एक चांगली रीत घालून दिलेली आहे. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आराखडा पक्का करण्यापूर्वी इंजिनियर, तलाठी, सरपंच व गावकरी यांनी नियोजित रस्त्याची वाट पायी चालावयाची असते. चालता चालता कोणाची जमीन जाते, पाणी कोठून वाहते, झाडे कोणती तुटतील, हे बोलावे. जे बोलणे झाले त्याची लेखी नोंद करावी व तीवर पंचायतीची सही घ्यावी. कागदावर बोट ठेवणे आणि त्याच जागी पाय ठेवणे, ह्यांत फार अंतर आहे. मोजणी बहुधा उन्हाळ्यात होते. तेव्हा ओढा म्हणजे एक कोरडी चर दिसते. आषाढात तो कोठवर फुगतो हे ज्याची गुरे त्यातून जातात त्यालाच ठाऊक. त्याचे ऐकले नाही तर मोरी भलत्या ठिकाणी बसते, रस्ता धरणासारखा आडवा उभा राहतो आणि वरच्या अंगाचे भात कुजते. तेव्हा विचारणे ही गावावर केलेली मेहेरबानी नव्हे. विचारणाराच अडाणी असतो, पण ते कबूल करणे त्याला जड जाते.

तरीही ह्या चांगल्या रितीच्या पोटात एक काटा आहे. ह्या योजनेतून जमिनीसाठी पैसे मिळत नाहीत; पुष्कळदा जमीन ‘स्वखुशीने’ दिली जाते. सारे गाव बांधावर उभे आहे, सरपंच पाहत आहेत, आणि एका विधवेला विचारले जाते, “मावशी, तुमची काही हरकत नाही ना?” ती काय म्हणणार? नाबोथाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत अनेकदा शिकवतो. अहाबाने द्राक्षमळा आरंभी हिसकावला नव्हता. त्याने रीतसर विचारले होते, बदल्यात चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले होते. बिघडले ते ‘नाही’ ऐकल्यावर. ज्या विचारण्यात ‘नाही’ला जागा नाही ते विचारणे नव्हेच, असे आम्हांला वाटते.

मग प्रत्येकाच्या ‘नाही’पुढे रस्त्याने थांबावे काय? असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. एकाचा हट्ट दहा वाड्यांच्या बाळंतिणींना भोवतो. उद्या ह्या रस्त्याने जाणारा परगावचा वाटसरू सभेला हजर नसतो, पण तोही शेजारीच आहे. म्हणून प्रत्येक ‘नाही’ जिंकलाच पाहिजे असे नाही. पण त्याने काहीतरी हलू शकले पाहिजे, रेघ चार हात सरकली पाहिजे, निदान का सरकत नाही हे त्याच्या तोंडावर सांगता आले पाहिजे. आणि ज्याचे सर्वांत अधिक जाणार त्याचे आधी ऐकावे. सभेत मात्र नेमके उलट घडते. दुकानदार आधी बोलतो, कारण त्याला बोलता येते. खंडाने करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नाही, म्हणून त्याला कोणी बोलावीतही नाही.

हे सारे आम्ही मोठ्या तोऱ्याने लिहिले असते, पण आमच्याच मंडळीत घडलेली गोष्ट आठवते. मंदिरापुढील रस्ता रुंद होणार, व कंपाउंडची चार फूट जागा द्यावी लागणार, अशी नोटीस आली. पंचकमिटीची सभा रात्री दहापर्यंत चालली. आम्हांला आधी का विचारले नाही, म्हणून आम्ही सारे संतापलो होतो. वाडवडिलांनी बांधलेली भिंत, फाटकाजवळची चिंच, सर्वांची आठवण निघाली. कडक भाषेत हरकतीचा अर्ज लिहून झाला. उठता उठता एका तरुण शिक्षिकेने विचारले, “आणि भिंतीला टेकून भाजी घेऊन बसणाऱ्या बाईचे काय?” ती बाई तेथे कित्येक वर्षे बसते. तिचे नाव आमच्यापैकी दोघांनाच ठाऊक निघाले. भिंत राहो की पडो, रस्ता रुंद झाला की तिची जागा जाणारच होती, आणि आमच्या तीन तासांत तिचा शब्दही निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघेजण तिला पुढच्या सभेस बोलावण्यास गेले. ती म्हणाली, येईन. पण सभा संध्याकाळी ठेवू नका, ती माझी विक्रीची वेळ. सभा दुपारी ठेवली आहे.