चित्र कोणाच्या मालकीचे?

दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची इच्छा आणि ते पाहण्याची उत्सुकता यांच्यामधली सीमारेषा नेमकी कुठे असते? चेन्नईत राहायला आल्यावर एका समुपदेशक बाईंशी ओळख झाली आणि हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिला नाही. त्या चित्रकलेच्या साहाय्याने समुपदेशन करतात. त्यांना मराठी येत नाही, माझे तमिळ भाजीबाजारापुरते. त्यामुळे आमचे बोलणे इंग्रजीत चालते आणि अडले की हातवाऱ्यांवर येते.

चित्र पाहून मन ओळखणारी व्यक्ती, अशी या व्यवसायाविषयी सर्वसाधारण समजूत असते. काळा रंग म्हणजे नैराश्य, दार नसलेले घर म्हणजे एकटेपणा. त्या असे काही सांगत नाहीत. काळ्या रंगाबद्दल विचारले, तर म्हणाल्या, “डब्यात तेवढाच खडू धड उरला असेल.” घर काढणाऱ्यालाच त्या विचारतात, इथे कोण राहते? उत्तर आले नाही तर थांबतात. बैठक संपताना आणखी एक प्रश्न असतो: हा कागद कुठे ठेवायचा? घरी न्यायचा, कपाटात ठेवायचा की फाडायचा, हे काढणाऱ्याने ठरवायचे.

नाव झाकून एखादे चित्र दाखवाल का, असे मी विचारले होते. त्यांनी नकार दिला. “नाव झाकले म्हणून चित्र माझे होत नाही,” त्या म्हणाल्या.

या वाक्याचा अर्थ लावताना मला जर्मनीतील हायडेलबर्गचा संग्रह आठवतो. मनोविकारतज्ज्ञ हान्स प्रिन्झहॉर्न यांनी पहिल्या महायुद्धानंतर अनेक मनोरुग्णालयांतून रुग्णांची हजारो चित्रे जमवली आणि १९२२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे नाझींनी याच संग्रहातील कामे ‘अधःपतित कला’ या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रांशेजारी मांडली, दोन्हींची टवाळी व्हावी म्हणून. एकाने कौतुकाने पाहिले, दुसऱ्याने तिरस्काराने. काढणाऱ्याला मात्र कोणी विचारले नाही. ग्रंथात ‘पोल’ या टोपणनावाने आलेला फ्रान्झ कार्ल ब्यूलर हा मुळात कलात्मक लोहारकाम करणारा कारागीर. १९४० मध्ये ग्राफेनेक येथे नाझींनी त्याला ठार केले. त्याची चित्रे जपली गेली होती.

पण याला दुसरी बाजू आहे. तो संग्रह नसता, तर ब्यूलरचे नाव आज कोणी घेतले नसते. आपल्याकडे घरातल्या मनोरुग्णाविषयी चकार शब्द बाहेर जाऊ दिला जात नाही. ते घर त्याची अब्रू राखते की स्वतःची? सगळे कागद कपाटातच राहिले, तर बाहेरच्या जगाचे अज्ञानही तसेच राहणार. हे मी बाईंना म्हटले.

त्यांनी आधी कायदा सांगितला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्यसंस्थेत उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा इतर माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. मग म्हणाल्या, “पण ज्याला माझ्यामुळे बरे वाटले आहे, तो मला नाही कसे म्हणेल?” म्हणून उपचार चालू असताना त्या असा प्रश्न काढतच नाहीत. माणसाला त्यांची गरज उरली नाही, म्हणजे मग विचारतात. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार त्यांना होकार वाटत नाही.

मला हे पटते, पण पूर्ण नाही. होकार द्यायला जो कधी परतलाच नाही, त्याच्या कागदाचे काय? तो तसाच पिवळा पडू द्यायचा? त्यांचे उत्तर ‘हो’ असे आहे. मला त्यात काहीतरी गमावल्यासारखे वाटते. तरी गमावण्याचा तो हक्क काढणाऱ्याचा आहे, एवढे मान्य करावे लागते. चांगल्या हेतूनेही तो आपण वापरू शकत नाही.

मैलापूरच्या गल्ल्यांत बायका पहाटे ठिपके मांडून कोलम काढतात. दुपारपर्यंत मुंग्या, चिमण्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले ते पुसून टाकतात. आपल्या रांगोळीचेही तेच. याचा अर्थ काय, असे त्या बाईंना कोणी अडवून विचारत नाही. पण कोलम उंबरठ्याबाहेर काढतात, ते येणाऱ्याच्या स्वागतासाठीच असते. समुपदेशकाच्या खोलीतला कागद उंबरठ्याच्या आतला. तो बाहेर आणायचा की नाही, हे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याने ठरवायचे नसते.

आमच्या ओळखीला आता बरेच दिवस झाले. त्यांच्या कपाटातले एकही चित्र मी पाहिलेले नाही. माझ्या मनातले काही कधी कागदावर उतरवावेसे वाटले, तर ते ज्यांच्या हाती सोपवता येईल अशी माणसे थोडी आहेत. या बाई त्यांतल्या एक, आणि ते मला त्यांच्या नकारामुळेच कळले.