नकाशा कुणाला कळत नाही?

‘लोकांना नकाशा कळत नाही.’ विकास आराखड्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. या आठवड्यात ते पुन्हा ऐकलं. बोलणाऱ्याच्या स्वरात खंत नव्हती, सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तितका निर्धास्तपणा होता. संताप आला तो त्या निर्धास्तपणाचा.

वसईतल्या सांडोरच्या वाडीतल्या कुणाही जुन्या माणसापुढे सातबारा ठेवा. कोणता हिस्सा कुणाकडे गेला, फेरफार कधी झाला, मोजणीत बांध कुठे सरकला, कुळाचं नाव कसं लागलं, सगळं तो सांगेल. भावांच्या वाटणीत आपलं नाव लागावं म्हणून जिने तलाठ्याकडे खेटे घातले, त्या बाईला सर्व्हे नंबर पाठ असतो. जमिनीच्या दलालाला तर विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता कुठून जाणार हे एका नजरेत उमगतं, आणि त्याला कुणी पुण्याला ‘यशदा’ या प्रशिक्षण संस्थेत शिकायला पाठवलेलं नसतं. मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा 2016 मध्ये आला, तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या. कळत नव्हतं, तर त्या कुणी लिहिल्या?

आपण लोकांच्या हाती देतो काय, तेही पाहा. इंग्रजी अहवाल. मोबाइलवर उघडता उघडत नाही अशी पीडीएफ. अख्खं गाव नखाएवढं दिसेल असं प्रमाण. भिंतीवर एखादा कागद लावला, तरी तो कार्यालयाच्या वेळेतच बघायचा. त्या वेळी शेतकरी वाडीत असतो आणि नोकरदार चर्चगेटच्या लोकलमध्ये. ज्याला पाटी-पेन्सिल दिली नाही, त्याला नापास करण्याचा हा प्रकार आहे. निधी नाही, माणसं नाहीत, वेळ नाही, ही कारणंही असतात. ती निदान तपासून बघता येतात. ‘कळत नाही’ म्हटलं की तपासायलाच काही उरत नाही, शिकवण्याची जबाबदारीच संपते.

वसई-विरारचा आराखडा सिडकोने केला. तो 2007 मध्ये मंजूर झाला आणि त्याचा काळ 2021 पर्यंतचा होता. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. गावांच्या हातून ग्रामसभा गेली, आणि 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच होता. पुढचे आराखडे ज्यांनी वाचायचे, त्यांना एकत्र बसून वाचायची जागाच राहिली नाही. हरकतींची सुनावणी जी नियोजन समिती घेते, तिच्यात कायद्याने स्थायी समितीचे तीन सदस्य असतात. त्या तिघांनी तरी आरक्षण, चटई क्षेत्र, हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) यांचा अभ्यास केलेला असावा, ही अपेक्षा जास्त आहे का?

शिकायचं मात्र दोन्ही बाजूंनी आहे, आणि अधिकाऱ्यांच्या शिकण्याबद्दल कुणी बोलत नाही. आराखडा आखण्याआधी जमिनीचा आजचा वापर नोंदवणारा नकाशा तयार होतो. खरी मेख तिथे आहे. बावखल म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो सर्वेक्षक त्याला खड्डा समजतो. पावसाचं गोडं पाणी धरणारं, विहिरी खाऱ्या होऊ न देणारं बावखल त्या नकाशात निळं दिसलं नाही, तर पुढच्या आराखड्यात तो मोकळा भूखंड होतो, आणि एक दिवस भरावाचे डंपर येतात. जुलै 2018 मध्ये वसईतलं पाणी दिवसेंदिवस ओसरलं नाही. ते कुठे थांबतं, कुठून खाडीला जातं, हे सांगणारी माणसं गावात होती. कुणी विचारलं? हरकतीच्या छापील अर्जावर सही घेणं वेगळं, आणि ‘या सर्व्हे नंबरात नैसर्गिक नाला आहे, तो तुम्ही दाखवलेला नाही’ असं लिहिता येणं वेगळं. दुसऱ्यासाठी वर्ग घ्यावे लागतात, तेही मसुदा येण्याआधी.

गोव्याने हे थोडंफार केलं. लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला ‘प्रादेशिक आराखडा 2011’ मागे घ्यावा लागला. मग नेमलेल्या कृतिदलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. ‘2021’च्या आराखड्यासाठी गावोगावचे नकाशे पंचायतींकडे गेले, आणि गावांनी आपली शेतं, उतार, पाणवठे त्यांवर तपासले. 2012 मध्ये तो आराखडाही स्थगित झाला, हे खरं. पण गावाने नकाशा एकदा तपासला, की तो गावकऱ्यांना कळत नाही असं पुन्हा कुणी म्हणू शकत नाही.

वर्ग घेतल्याने अनधिकृत बांधकामं थांबतील, असं मी म्हणत नाही. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. बांधणाऱ्यांना आरक्षण ठाऊक नव्हतं, असं कोण मानेल? ठाऊक नव्हतं ते घर घेणाऱ्यांना. झोन दाखला म्हणून काही असतं आणि तो मागता येतो, हे कुणी सांगितलं असतं, तर त्यातली काही कुटुंबं तरी वाचली असती.

तेव्हा वर्ग घ्या. मराठीत घ्या, टेबलभर कागदी नकाशा पसरून घ्या, पीडीएफ नको. रविवारी घ्या. आणि सांडोरला घ्यायचा असेल तर जुलैत या. पाणी कुठे थांबतं ते तेव्हा डोळ्यांना दिसतं, आणि निळा रंग कुठे भरायचा यावर वाद राहत नाही.